नवी प्रक्षेपणमाध्यमे आणि लोकसहभाग : जालना जिल्ह्याच्या अनुषंगाने काही विचार

१

एखादे नवे संपर्कसाधन समाजात रूढ होऊ लागले, की त्याविषयी दोन प्रकारची मते प्रथम ऐकू येतात. एका मताप्रमाणे ते साधन मूक जनतेस वाणी देणारे असते. दुसऱ्या मताप्रमाणे ते भाषा, अभिरुची आणि सामाजिक सलोखा यांचा नाश करणारे असते. वृत्तपत्र, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या सर्वांविषयी आपल्याकडे ही दोन्ही मते मांडली गेली. आज व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक इत्यादी इंटरनेटवर चालणाऱ्या माध्यमांविषयी तीच पुन्हा मांडली जात आहेत. दोन्हींत तथ्यांश आहे. परंतु माध्यम ही एकसंध वस्तू आहे असे गृहीत धरणे, हा दोन्हींचा समान दोष होय.

'नव्या माध्यमांमुळे लोकसहभाग वाढला' हे विधान उकलून पाहिले असता त्यात तीन भिन्न क्रिया एकत्र आल्याचे दिसून येते. एकाने अनेकांस सांगणे हे प्रक्षेपण. सांगणाऱ्यास ऐकणाऱ्याने उत्तर देणे आणि त्या उत्तराची दखल घेतली जाणे हा संवाद. आणि या संवादाचा सार्वजनिक निर्णयावर काही परिणाम होणे हा सहभाग. पहिली क्रिया घडली म्हणजे दुसरी घडतेच असे नाही, आणि दुसरी घडली म्हणजे तिसरी अपरिहार्यपणे घडते असेही नाही. हा भेद ध्यानात ठेवून नव्या माध्यमांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी जालना जिल्ह्याचा आणि त्यास लागून असलेल्या प्रदेशाचा आधार घेतला आहे. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यातील एका लहान गावातून निघालेला आवाज साऱ्या राज्याने ऐकला, आणि याच जिल्ह्यात शासनाने इंटरनेट सेवा बंद ठेवल्याचाही प्रसंग आला. त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे एकाच ठिकाणी तपासता येतात.

२

आजच्या माध्यमांकडे वळण्यापूर्वी एका जुन्या प्रयोगाचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने 'शेतकरी श्रोतृमंडळां'चा प्रयोग केला. त्यासाठी मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडण्यात आली होती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ असे. आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा याप्रमाणे वीस कार्यक्रम झाले. मंडळातील सभासदांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, आपल्या शंका आणि मते केंद्राकडे पाठवावीत, आणि केंद्राने पुढील प्रक्षेपणात त्यांचा परामर्श घ्यावा, अशी ही योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरॅथ यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रयोगाचे मूल्यमापन केले.

या मूल्यमापनातील एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या अन्य गावांशी करण्यात आली होती : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे, आणि जेथे रेडिओच नव्हता अशी गावे. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती नगण्य होती. अर्थात फरक पडला तो यंत्रामुळे नव्हे, यंत्राभोवती निर्माण केलेल्या चर्चेच्या व्यवस्थेमुळे. ऐकणारा ठरलेल्या जागी बसलेला होता, त्याच्या शेजारी त्याच्याशी मतभेद असणारा गावकरी होता, आणि प्रश्न पाठविल्यास उत्तर येईल याची त्याला खात्री होती.

या प्रयोगाच्या वेळी जालना हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे मराठी श्रोत्याला उत्तर देण्याचा अधिकार देणारा पहिला मोठा प्रयोग झाला, तेव्हा हा प्रदेश त्याच्या कक्षेबाहेर होता. पुढे परभणी आणि तत्कालीन औरंगाबाद येथील आकाशवाणी केंद्रांनी मराठवाड्याची मोठी सेवा केली. तथापि प्रक्षेपणाची दिशा मुख्यतः केंद्राकडून गावाकडे अशीच राहिली. हवेतील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निर्णयात स्पष्ट केले. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्याची मुभा २००६ मध्ये मिळाली. परंतु अनुज्ञप्ती, मनोरा आणि खर्च यांच्या अडचणीमुळे हे साधन सामान्य गावाच्या हाती क्वचितच पोहोचले. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ही अडचण एकाएकी नाहीशी झाली. गावाला आपला मनोरा उभारावा लागला नाही. प्रत्येकाच्या खिशात प्रक्षेपणकेंद्र आले.

३

या बदलाचा सर्वांत ठळक प्रत्यय अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे आला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी तेथे उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी पोलिसांनी लाठीमार केला. मोबाइलवर टिपलेली त्याची दृश्ये अल्पावधीत राज्यभर पसरली. ४ सप्टेंबर रोजी गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. ७ सप्टेंबर रोजी निजामकालीन नोंदींच्या तपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. १४ सप्टेंबर रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. मागणीच्या ग्राह्याग्राह्यतेचा विचार या लेखाच्या कक्षेत येत नाही. भाषेच्या आणि माध्यमाच्या अभ्यासकाने येथे दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट बोलीच्या प्रतिष्ठेची. नभोवाणीच्या आणि दूरचित्रवाणीच्या काळात मराठवाड्याची बोली कार्यक्रमात येई, परंतु ती बहुधा ग्रामीण कार्यक्रमांतील लिहून दिलेल्या संवादांत किंवा विनोदापुरती. गंभीर सार्वजनिक विषयावर तासन्‌तास बोलण्याची भाषा म्हणून तिला स्थान नव्हते. वृत्तनिवेदक ग्रामस्थाचे म्हणणे आपल्या प्रमाणभाषेत सांगत असे, आणि त्या भाषांतरात वक्त्याचा अधिकार निवेदकाकडे जात असे. अंतरवालीतील बोलणे यूट्यूबवरून जसेच्या तसे प्रक्षेपित झाले. त्यातील स्वर, त्यातील लोप, त्यातील सर्वनामांचा सलगीचा वापर हे सर्व पुण्यामुंबईच्या श्रोत्यास विनामध्यस्थ ऐकावे लागले. प्रमाणभाषा येत नसतानाही राज्यास उद्देशून बोलता येते, हा अनुभव मराठवाड्यातील तरुण पिढीस प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर मिळाला. नव्या माध्यमांच्या जमेच्या बाजूस ही नोंद निःशंकपणे करावी लागेल.

दुसरी गोष्ट शब्दाच्या प्रवासाची. 'सगेसोयरे' हा घरगुती व्यवहारातील जोडशब्द. त्यातील 'सगे' रक्ताचे आणि 'सोयरे' विवाहसंबंधातून आलेले. परंतु बोलताना कोणी एवढा काटेकोर भेद करीत नाही. आंदोलनातून हा शब्द पुढे आला आणि २६ जानेवारी २०२४ च्या जातप्रमाणपत्रविषयक अधिसूचनेच्या मसुद्यात तो व्याख्येसह अवतरला. लग्नपत्रिकेतील शब्दाने शासकीय मसुद्यात प्रवेश करावा, हे बोलीच्या सामर्थ्याचे लक्षण खरेच. मात्र त्याबरोबरच त्याची अडचणही उघड झाली. घरात ज्या शब्दाची संदिग्धता माणसे जोडण्यास उपयोगी पडते, तीच संदिग्धता नियमात शिरताच वादाचे मूळ होते. शब्दाच्या अर्थासंबंधी राज्यभर जो वाद झाला, तो बव्हंशी नव्या माध्यमांतूनच झाला. परंतु त्या माध्यमांत अर्थनिश्चिती करणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. प्रत्येक पक्षाने आपापल्या श्रोत्यांस आपापला अर्थ सांगितला.

येथे प्रक्षेपण आणि संवाद यांतील अंतर स्पष्ट होते. याच अंबड शहरात १७ नोव्हेंबर २०२३ रोजी इतर मागासवर्गीयांची मोठी सभा झाली. याच तालुक्यातील वडीगोद्री येथे जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण केले. अंतरवाली आणि वडीगोद्री ही गावे परस्परांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी आहेत. दोन्हीकडील भाषा एक, शेती एक, बाजार एक. तरीही दोन्हीकडील प्रक्षेपणांचे श्रोतृवर्ग भिन्न राहिले. १९५६ च्या श्रोतृमंडळात मतभेद असणारा गावकरी शेजारी बसलेला असे; आजच्या गटात त्याला बाहेर ठेवण्याची सोय आहे, आणि यंत्रणा श्रोत्यास त्याच्या आवडीचेच अधिक दाखवीत जाते. परिणामी एकाच गावात दोन वेगवेगळी 'सारे लोक म्हणतात' निर्माण होतात. ज्या जिल्ह्यात एकमेकांच्या बांधाला बांध लागून शेती करावयाची आहे, त्या जिल्ह्याला ही स्थिती परवडणारी नाही.

४

राजकारणापासून दूर असलेले एक उदाहरण घेतल्यास हा प्रश्न अधिक शांतपणे पाहता येईल. परभणी जिल्ह्यातील पंजाब डख यांचे पावसाचे अंदाज मराठवाड्यातील असंख्य शेतकरी व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवरून ऐकतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते परभणी मतदारसंघातून उमेदवारही होते. जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी हे विधानसभा मतदारसंघ त्याच लोकसभा मतदारसंघात मोडतात. त्यांच्या अंदाजांना शास्त्रीय आधार कोणता, असा प्रश्न जाणकारांनी विचारला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु शास्त्रीय संस्था उपलब्ध असतानाही श्रोता दुसरीकडे का वळतो, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी भाषेत आहे.

हवामानखात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस, असा निश्चित आहे. ही परिभाषा शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु बदनापूरच्या शेतकऱ्यास 'तुरळक' याचा अर्थ 'थोडासा, कुठेतरी' एवढाच कळतो. त्यातील टक्केवारी त्याला कोणी सांगितलेली नसते. खाते आता जिल्हावार अंदाजही देते. परंतु त्याचे वाक्य कर्तृहीन असते : 'शक्यता आहे', 'अपेक्षित आहे'. उलट गावच्या बोलीतील अंदाज तारीख सांगतो, श्रोत्यास थेट उद्देशून बोलतो, आणि पेरणी करावी की थांबावी हेही सांगतो. पहिले विधान अनिश्चिततेशी प्रामाणिक असूनही परके वाटते; दुसरे निश्चितता देत असल्याने आपले वाटते. अंदाज चुकल्यास दुबार पेरणीचा खर्च मात्र ऐकणाऱ्यालाच सोसावा लागतो.

तेव्हा येथे दोष केवळ श्रोत्याच्या भोळेपणाचा मानता येणार नाही. शास्त्रीय संस्थांनी बोलीत बोलण्याची विद्या संपादन केली नाही, आणि ती जागा इतरांनी घेतली. संज्ञापनशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या विभागांनी ज्याकडे लक्ष द्यावे असे हे क्षेत्र आहे : अनिश्चितता न लपविता ती शेतकऱ्याच्या भाषेत कशी सांगावी?

५

या ठिकाणी मराठी व्याकरणातील एका लहानशा शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. तो शब्द म्हणजे 'म्हणे'. 'उद्या पाऊस येणार' आणि 'उद्या पाऊस येणार म्हणे' या दोन वाक्यांतील माहिती एकच आहे. परंतु वक्त्याची जबाबदारी एक नाही. दुसऱ्या वाक्यात वक्ता सांगतो की, ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली किंवा पडताळलेली नाही, ती माझ्या कानावर आलेली आहे. रूपाने हे 'म्हणणे' या क्रियापदापासून आलेले असले, तरी या उपयोगात त्यास कर्ता नसतो, काळ नसतो. ते श्रुतवार्तेची खूण म्हणून काम करते. बोलीत त्याचे 'म्हणं' किंवा 'म्हनं' असे रूप ऐकू येते. 'सांगोवांगी', 'कर्णोपकर्णी', 'ऐकीव' या शब्दांमागेही हीच जाणीव आहे. मौखिक परंपरेत वाढलेल्या समाजाने वार्तेचा उगम आणि वार्तेचा वाहक यांत भेद करण्याची सोय भाषेतच करून ठेवली होती, असे म्हणावयास हरकत नाही. ऐकणाराही 'म्हणे' ऐकताच विचारीत असे : 'कोण म्हणालं?' आणि येथून संवादास आरंभ होत असे.

नव्या माध्यमातील संदेश पुढे पाठविण्याच्या क्रियेत हा 'म्हणे' गळून पडतो. पाठविणारा स्वतः वाक्य उच्चारीत नाही. तो दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे, त्याच्याच ठाम स्वरात, पुढे ढकलतो. ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीच्या रूपाने येते. तोंडी अफवा पसरताना प्रत्येक मुखातून जाताना तिला नवा वक्ता मिळतो, आणि त्या वक्त्याची पत किती हे गावाला ठाऊक असते. पुढे पाठविलेल्या अफवेस वाहक असंख्य असतात, परंतु वक्ता कोणीच नसतो.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची हत्या केली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश त्या काळात मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. ज्या पाच जणांस कोणी ओळखत नव्हते, त्यांना 'तुम्ही कोण, कुठले?' असे विचारून उत्तर ऐकून घेण्यास जमावास वेळ नव्हता. ही हत्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली. जी वास्तू गावाने एकत्र बसून बोलण्यासाठी उभारली, तीतच उत्तर देण्याचा अधिकार नाकारला गेला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपुरतीच मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठविलेल्या संदेशांवर ती एका ठिकाणापुरती केली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही खूण म्हणजे यंत्राने लावलेला 'म्हणे' होय. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. बोलणाऱ्याचा 'म्हणे' ही त्याने स्वतः केलेली निवड असते. तो उच्चारताना तो क्षणभर थांबून आपल्या माहितीची पत जोखतो. यंत्राची खूण आपोआप लागते. तीत कोणाचाही विवेक गुंतलेला नसल्याने वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते. भाषेने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला विवेक तांत्रिक चिन्हाने भरून निघत नाही.

६

आता सहभागाच्या प्रश्नाकडे येऊ. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना जिल्ह्यासह शेजारील जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही काळ बंद ठेवण्यात आली. अफवा थांबविण्यासाठी असे करणे आवश्यक होते असा शासनाचा पक्ष असतो, आणि राईनपाड्यासारखी घटना डोळ्यांपुढे असता तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि सेवा बंद केल्याने अफवेबरोबर तिचा प्रतिवादही बंद पडतो; मोसंबीचा भाव, बँकेचा व्यवहार आणि आजाऱ्याची चौकशीही बंद पडते. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांस घटनेचे संरक्षण आहे, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी अनिश्चित काळ ठेवता येणार नाही. ज्या साधनावर सार्वजनिक चर्चा अवलंबून आहे ते एका आदेशाने थांबू शकते, यावरून एक गोष्ट सिद्ध होते : या साधनावर लोकांचा वापर आहे, परंतु सत्ता नाही. एका बाजूस ते परदेशी कंपनीच्या नियमांच्या अधीन आहे, दुसऱ्या बाजूस शासनाच्या आदेशाच्या.

याच्या तुलनेत ग्रामसभा हे फार साधे, आणि अनेक गावांत दुर्लक्षित झालेले साधन आहे. महाराष्ट्रात कायद्याप्रमाणे तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हावयास पाहिजेत. तिला अध्यक्ष असतो, गणपूर्ती असते, इतिवृत्त असते. कोण काय बोलले, कोणता ठराव झाला हे वहीत राहते आणि पुढच्या बैठकीत त्याचा जाब विचारता येतो. मोबाइलच्या गटाला यांपैकी काहीच नसते. तेथे ॲडमिन असतो. तो बोलणाऱ्यास काढून टाकू शकतो, उत्तर देण्यास मात्र बांधलेला नसतो.

अंतरवाली सराटीचे उदाहरण या कसोटीवर पुन्हा पाहिले तर काय दिसते? शासनास गावापर्यंत यावे लागले, समिती नेमावी लागली, मसुदा काढावा लागला. म्हणजे निर्णयावर परिणाम झाला. परंतु तो परिणाम पडद्यावरील दृश्यांनी एकट्याने घडविला नाही. एक माणूस अन्न वर्ज्य करून बसला होता आणि त्याच्याभोवती हजारो माणसे प्रत्यक्ष जमली होती. वडीगोद्रीलाही तसेच घडले. माध्यमाने त्या जमिनीवरील कृतीस आवाज दिला. कृतीची जागा घेतली नाही. ज्या असंख्य तक्रारी आज केवळ मोबाइलवर मांडल्या जातात, त्यांना असे शरीर नसते, म्हणून त्यांना उत्तरही मिळत नाही. पाणीटंचाईचे चित्रण हजारोंनी पाहिले, तरी टँकर कोणी, कधी पाठवावा याचे उत्तर कोणावर बंधनकारक होत नाही. पाहणाऱ्यांची संख्या ही सहभागाचे माप म्हणून वापरणे, ही आजच्या चर्चेतील सर्वांत मोठी चूक होय.

या विवेचनावरून पुढील मते मांडता येतील. नव्या माध्यमांनी प्रक्षेपणाची मक्तेदारी मोडली आणि मराठवाड्याच्या बोलीस सार्वजनिक प्रतिष्ठा दिली. हा लाभ खरा आणि टिकाऊ आहे. संवादाच्या बाबतीत त्यांनी विरोधी मताचा शेजार नाहीसा केला आणि वार्तेच्या उगमाची भाषिक खूण पुसट केली; ही हानीही तितकीच खरी आहे. सहभागाच्या बाबतीत त्यांची शक्ती उसनी आहे. ज्या ठिकाणी माणसे आणि संस्था प्रत्यक्ष उभ्या असतात, तेथेच ती चालते. पुण्याच्या प्रयोगाने १९५६ मध्ये जे दाखवून दिले, ते आजही लागू पडते : चर्चेची व्यवस्था नसेल तर यंत्राने फारसे काही साधत नाही.

यातून आपल्या विभागांपुढे दोन कामे उभी राहतात. पहिले काम नोंदीचे. अंबडपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत या जिल्ह्याची बोली जागोजाग बदलते. विदर्भाच्या सीमेलगत 'का' ऐवजी 'काहून' ऐकू येते. या बोलींत सार्वजनिक प्रश्नांवर झालेले हजारो तासांचे बोलणे आज खाजगी कंपन्यांच्या यंत्रांत पडून आहे आणि उद्या ते पुसले जाऊ शकते. स्थळ, दिनांक आणि संदर्भ यांसह, बोलणाऱ्यांच्या संमतीने, त्याचा संग्रह विद्यापीठांनी केला नाही, तर या काळातील मराठी भाषेचा एक प्रमुख पुरावा नष्ट होईल. दुसरे काम शिक्षणाचे. व्याकरणाच्या तासाला 'म्हणे' हा शब्द केवळ अव्ययाच्या यादीत न ठेवता, ऐकीव आणि पाहिलेले यांत भेद कसा करावा याचा पाठ म्हणून तो शिकविता येईल. मोबाइल हाती असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास 'कोण म्हणालं?' हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तरी त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.